यमुनाबाईचा काठोकाठ डबा

दामोदरने पाच लिटरचा पांढरा डबा माझ्या टेबलावर दाणकन ठेवला, दुपट्ट्याने मान पुसली आणि म्हणाला, "घ्या सायेब. एक थेंब सांडू नाई देल्ला."

डब्यात त्याच्या बायकोची चोवीस तासांची लघवी होती. निदान माझी तशी समजूत होती.

"येष्टीत लय तमाशा झाला पण," तो म्हणाला. डब्यातला रंग पाहून मागच्या सीटवरच्या दोघांनी ती मोहाची दारू ठरवली आणि त्याच्याशी एकदम सलगी सुरू केली. शेवटी कंडक्टर आला. सरकारी गाडीत असला माल चालणार नाही म्हणाला आणि झाकण उघडायला लावलं. उघडलं. कंडक्टरने वाकून वास घेतला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय जी. आख्खं बाकडं मले एकट्याले देल्लं. बाजूले कोणी बसाले तयार नाई."

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. गावाचं नाव लिहीत नाही. यातले दोघे-तिघे अजून हयात आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. साल चौऱ्याऐंशी असेल, नाहीतर पंच्याऐंशी. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, रंगावरून प्रमाण मोजणारा एक कलरीमीटर आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये लसी, सिरम आणि कंपाउंडरचं दही सलोख्याने नांदत. रक्त, लघवी, थुंकी आणि शी यांच्यावर मी आयुष्यभर पोट भरलं. लग्न जमताना मुलीकडच्यांना मी फक्त "मेडिकल लाइनमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं.

आता ती लघवी गोळा कशासाठी केली होती, ते सांगतो.

यमुनाबाई बत्तीस-तेहतीस वर्षांची होती. कोंढ्याच्या रस्त्यावर विणकरांची वस्ती आहे, तिथलं घर. नवरा दामोदर हातमागावर बसायचा आणि ही त्याला कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. उजव्या हाताने चरखा फिरवायचा, डाव्या हाताने सूत सोडायचं, आणि हे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. माग थांबला की घर थांबलं, म्हणून कांडी भरणारीला उठायची सोय नाही. तीन वर्षांपासून तिचं सगळं अंग दुखत होतं. मान, खांदे, पाठ, ढुंगण, गुडघे. "बैलबंडी गेल्यावानी वाटते जी आंगावरून," ती सांगायची. झोपून उठली की झोपताना होती त्याहून जास्त थकलेली असायची. वजन बेचाळीस किलो.

तिच्या सगळ्या तपासण्या मीच केल्या होत्या. हिमोग्लोबिन जरा कमी, पण आमच्या भागात ते कोणाचं जास्त असतं? ईएसआर, म्हणजे अंगात कुठे सूज आहे का ते सांगणारी तपासणी, ठीक. एक्स-रे ठीक. वाताची तपासणी ठीक. मी दर वेळी कागदावर "नॉर्मल" लिहायचो आणि खाली झोकात सही करायचो. चांगली बातमी देतोय असंच मला वाटायचं. तो कागद घरी जाऊन तिच्याविरुद्ध साक्ष देत होता, हे मला फार उशिरा कळलं.

घरी सासू होती, सरूबाई. साठीची, काटकुळी, आणि जिभेला अशी धार की न्हाव्याने हेवा करावा. दवाखान्यात सुनेसोबत यायची ती खास आम्हाला सावध करायला. "खायाले आंग दुखत नाई, निजाले दुखत नाई. कांडीले हात लावला का दुखते. असं कोणतं दुखणं असते डाक्टर सायेब?" मग माझ्याकडे वळून, "तुमी तं सांगा, काई निघालं का रगतात?" मी प्रामाणिकपणे मान हलवायचो. नाही निघालं.

दामोदर वाईट माणूस नव्हता. पण आईने रोज तेच सांगितलं, कागदही तेच सांगत होते, आणि माग रिकामा पडत होता. त्याने ठरवलं होतं की दिवाळीच्या आधी बायकोला सानगडीला, तिच्या माहेरी, नेऊन सोडायचं. कायमचं. आठ वर्षांची मुलगी मात्र इकडेच राहणार होती. यमुनाबाईने हे मला रक्त देताना सांगितलं, सुईकडे बघत, अगदी सपाट आवाजात. रडली असती तर बरं वाटलं असतं.

आमचे मेडिकल ऑफिसर डॉक्टर चोपकर. तोंडात कायम पान आणि स्टेथोस्कोप गळ्यात शोभेला. पण माणूस वाचणारा होता. त्यांच्याकडे नागपूरहून जुनी मेडिकल मासिकं गठ्ठ्याने यायची. कोणीतरी वाचून टाकलेली, तीन-चार वर्षं शिळी. त्यातच त्यांना सापडलं की अंगावर काही ठराविक जागा असतात, मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराच्या बाहेर, गुडघ्याच्या आत. तिथे अंगठ्याने दाबायचं. अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकंच. धडधाकट माणसाला नुसता दाब कळतो. पण एक दुखणं असं आहे की त्यात त्या जागांवर माणूस तोंड वेडंवाकडं करून हात झटकतो. त्याला तेव्हा फायब्रोसायटिस म्हणत, आता फायब्रोमायॅल्जिया म्हणतात. रक्तात काही दिसत नाही. एक्स-रेत काही दिसत नाही. दुखतं मात्र खरं.

चोपकरांनी यमुनाबाईला दाबून पाहिलं. बहुतेक सगळ्या जागांवर ती कळवळली. मध्येच त्यांनी लबाडी म्हणून पोटरीवर आणि कपाळावरही दाबलं, तिथे ती गप्प राहिली. सोंग करणारी बाई कपाळालाही ओरडली असती. साहेब खूश.

सरूबाई म्हणाली, "दाबल्यावर कोणालेबी दुखते."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना कागदावर येणारा पुरावा हवा होता. आणि नागपूरला त्यांचे एक जुने सर होते, ज्यांना नेमकी अशीच रुग्ण हवी होती. सरांचं म्हणणं असं: किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. माणसाला ताण आला, म्हणजे बैल मागे लागला किंवा सासू मागे लागली, की ही ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडते. बैल निघून जातो, हार्मोन उतरतं. सासू निघून जात नाही. मग वर्षानुवर्षं हे हार्मोन चढलेलं राहत असेल आणि त्यानेच अंग दुखत असेल, तर? सरांना यावर पेपर लिहायचा होता. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होतं, म्हणून एका वेळच्या रक्तापेक्षा पूर्ण दिवसाची लघवी बरी.

तर मी स्टोअरमधून स्पिरिटचा रिकामा डबा आणला, धुतला, त्यात लघवी नासू नये म्हणून बोरिक पावडर टाकली आणि सासू-सून दोघींना बसवून समजावलं. सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची यात. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली घेतली की बंद. दोघींकडून ते वदवूनही घेतलं. वर सांगितलं, "डबा स्टोअरचा आहे बरं का. दुसरा नाही माझ्याकडे. आठवणीने परत पाठवा."

सरूबाई म्हणाली, "आमी काय कोनाचं भांडं ठेवून घेनारे आहोत का जी?"

तिला ते लागलं होतं. माझ्या ध्यानात आलं नाही.

डबा आला तो असा, येष्टीतून, काठोकाठ. मी मोजला. चार हजार सहाशे मिलिलिटर. साधारण माणसाच्या तिप्पट. तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण चैत्राचं ऊन होतं, बाई पाणी जास्त पीत असेल असं म्हणून मी आकडा लिहिला, ढवळून एक लहान बाटली नागपूरला पाठवली, आणखी एक बाटली सवयीने फ्रिजमध्ये दह्याच्या मागे ठेवली आणि उरलेली ओतून दिली. तपासणाऱ्या लॅबला फक्त बाटलीतलं प्रमाण कळतं. त्याला मी लिहिलेल्या आकड्याने गुणायचं की दिवसाचं कॉर्टिसॉल मिळतं. थोडक्यात, अर्धं गणित त्यांचं, अर्धं माझं.

तीनेक आठवड्यांनी रिपोर्ट आला. कॉर्टिसॉल नॉर्मलच्या वरच्या हद्दीच्याही कितीतरी पुढे.

चोपकर साहेब पान थुंकून खुर्चीवरून उठले. "रामटेके! अबे सापडलं! बाई खोटं नाही बोलून राहिली!"

त्या दिवशी त्यांनी स्वतः दामोदरला आणि सरूबाईला बोलावून रिपोर्ट दाखवला. लाल पेन्सिलने आकड्याखाली रेघ मारली. दोघांना इंग्रजी येत नव्हतं, पण लाल रेघ सगळ्यांना वाचता येते. सरूबाईने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे आतमंदी काईतरी आहे."

नागपूरहून सरांचं पत्र आलं. इतकं जास्त कॉर्टिसॉल म्हणजे त्या ग्रंथीत गाठ असण्याची शक्यता. बेड रिकामा झाला की भरती करू, गाठ दिसली तर ऑपरेशन. साहेबांनी पुस्तक काढून मला त्या आजाराची लक्षणं वाचून दाखवली. पोट सुटतं, मानेवर चरबी चढते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो.

मी म्हटलं, "साहेब, हिचा चेहरा तर अमावस्येचा आहे."

"अपवाद असतात," साहेब म्हणाले. पेपर लिहायचा म्हटलं की डॉक्टर लोकांना अपवाद फार दिसतात.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मी यमुनाबाईला दोनदा पाहिलं आणि दुसऱ्या वेळी ओळखलंच नाही. वेणी घातलेली, चेहऱ्यावर थोडं तेज. सासूने चरखा स्वतःकडे घेतला होता. दुपारी सुनेला झोपायला लावत होती. दूध देत होती. सानगडीचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. "दुखते अजूनबी," ती म्हणाली, "पण आर्धंच. काल पोरीची वेनी घातली, हात वर गेला." आणि मग खिडकीशी वाकून, गुपित सांगावं तसं, "रिपोर्टात निघालं ना जी सायेब. मी म्हनतच होती."

त्याच सुमारास नागपूरच्या एका ज्युनियर डॉक्टरचं कार्ड आलं होतं. पेशंटला रोजच एवढी लघवी होते का, खात्री करून कळवा. सर लोकांना जे दिसलं नाही ते त्या पोरगेल्या डॉक्टरला दिसलं होतं. मी सहज विचारलं, "यमुनाबाई, दिवसातून कितीदा जाता लघवीला?"

ती लाजली. "दोनदा. लय झालं तं तीनदा. कांडीवर बसलं का उठाले कुठं भेटते जी? पानीच नाई पीत मी म्हनून."

दोन-तीनदा जाणारी, पाणी न पिणारी बाई, आणि चार लिटर सहाशे?

ती गेल्यावर मी फ्रिजमधून दह्यामागची बाटली काढली. इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, कंटाळू नका. आपल्या स्नायूंमधून रोज क्रिएटिनिन नावाचा कचरा निघतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. पाणी कमी प्या, जास्त प्या, दिवसाचा हा कोटा साधारण ठरलेला. जेवढे स्नायू तेवढा कचरा. बेचाळीस किलोच्या बाईचा पाऊण ग्रॅम, फार तर एक. म्हणून चोवीस तासांची लघवी पूर्ण आली की कमी आली ते यावरून ओळखतात. मी ही तपासणी आधी केलीच नव्हती, कारण कोणी सांगितली नव्हती आणि सरकारी नोकरीत न सांगितलेलं काम केलं की दुसऱ्या दिवसापासून ते आपलंच होतं.

पिक्रिक अॅसिड घातलं. पिवळा रंग नारिंगी झाला. कलरीमीटरमध्ये ठेवला, आकडा घेतला, गुणाकार केला. सव्वातीन ग्रॅम. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

यमुनाबाई चार माणसांएवढं मुतत होती.

मी स्टुलावर बसलो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो बाटली मोरीत ओतून टाकायचा. तिचं दुखणं अर्ध्यावर आलं होतं, पोरगी तिच्याजवळ होती, आणि हे सगळं त्या एका चुकीच्या आकड्यावर उभं होतं. तो आकडा मी काढून घेतला तर उरणार काय? माझे सात "नॉर्मल". पण दुसरीकडे नागपूरला तिच्यासाठी बेड रिकामा व्हायची वाट बघत होते. मला भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती, हे नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. मी बाटली घेऊन साहेबांकडे गेलो.

"साहेब, तो डबा एका माणसाचा नव्हता."

"काय बोलून राहिला तू?"

"चार जणांचा होता. कमीत कमी तीन."

मी आकडे दाखवले. साहेबांनी ते दोनदा तपासले, मग मला दोन शिव्या दिल्या, मग स्वतःला एक दिली. पान लावायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. "अबे," ते हळूच म्हणाले, "आपण एका अख्ख्या घराचं ऑपरेशन करायला निघालो होतो."

त्याच दुपारी आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवर वस्तीवर गेलो. माग खटखटत होता. ओसरीवर सरूबाई चरखा घेऊन बसलेली, आणि यमुनाबाई तिच्याजवळ सुताच्या लडी सोडवत होती. डॉक्टर घरी आले म्हणून धांदल उडाली. चहा झाला. मग साहेबांनी शक्य तितक्या सभ्य शब्दांत विचारलं की त्या डब्यात यमुनाबाईशिवाय आणखी कोणाचं काही होतं का.

सरूबाई जराही चपापली नाही. "हो मंग. हिचं तं तळालेच होतं जी. पावणे दोन गिलास. मंग मी भरलं, दामूनं भरलं, माही लेक सासरहून पाव्हनी आली होती, तिनं भरलं."

"पण काहून?" साहेबांचा आवाज चढला. "काहून भरलं?"

"काहून म्हंजे? सायेबानं डबा देल्ला. परत मांगतला." तिने माझ्याकडे बोट केलं. "कोनाचं भांडं रिकामं परत करते का कोनी? शेजारनीची वाटी असली तं आमी चार दाने तांदूळ टाकून देतो. सरकारी दवाखान्याचा डबा, आन् तळाले इतकुसं घालून पाठवाव? लोक काय म्हनतीन? बाईच्या घरी इतकंबी नाई निघालं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागाकडे पाहिलं. चूक कोणाची हे सगळ्यांनाच कळलं होतं. मी सगळं सांगितलं होतं, डबा भरलाच पाहिजे असं नाही एवढं सोडून. आणि भांडं परत मागितलं होतं, तेही ठासून.

मग साहेब यमुनाबाईकडे वळले. "तुला तर माहीत होतं ना? तपासणी तुझी आहे, मग फक्त तुझीच पाहिजे म्हणून."

तिने लडी खाली ठेवली. "माहीत होतं जी."

"मग बोलली काहून नाही?"

"सांगनार होती. पन तीन वर्सांत पयल्यांदा घरातले सगळे माह्यासाठी काई करून राहिले होते. मले चांगलं वाटलं. म्हनून नाई बोलली."

साहेब चष्मा पुसत बसले आणि मी कपात उरलेला थंड चहा प्यायलो.

दामोदरने मात्र नेमका प्रश्न विचारला. "मंग तो रिपोर्ट खोटा?"

"तो रिपोर्ट कोणाचाच नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा करावा लागेल."

या वेळी यमुनाबाईला एक दिवस वॉर्डात ठेवलं. पलंगाखाली नवा डबा, आणि राखण करायला आमच्या सिस्टर, ज्यांच्यासमोर चोपकर साहेबसुद्धा पान लपवायचे. सकाळी मी मोजलं. अकराशे मिलिलिटर. क्रिएटिनिन बेचाळीस किलोच्या एका बाईला शोभेल इतकं. बाटली गेली. साहेबांनी नागपूरला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून सर काय बोलले ते कळलं नाही, पण साहेबांनी रिसीव्हर कानापासून बराच लांब धरला होता.

रिपोर्ट आला. नॉर्मल. अगदी मधोमध, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

पुढे वाचलं की या दुखण्यात त्या हार्मोनचं दिवसाचं एकूण माप बहुधा ठीकच येतं. सकाळी चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं, ही त्याची लय काही जणांत बिघडलेली असते म्हणतात. त्यावरही डॉक्टरांचं एकमत नाही. पण तेव्हा आमच्या हातात एवढा एक कागद होता आणि तिघं जण बाकावर बसली होती.

साहेबांनी सांगितलं. गाठ नाही, ऑपरेशन नाही. हार्मोन ठीक आहे. पण दुखणं खरं आहे. त्याला फायब्रोसायटिस म्हणतात, तपासणीत दिसत नाही, तरी आहे. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ते त्यांचं त्यांनाच लटकं वाटत असावं असं दिसलं.

यमुनाबाईने मान खाली घातली. तिला "नॉर्मल" एवढाच शब्द ऐकू आला होता. माझ्या कागदांमुळे तो तिला चांगला पाठ होता.

दामोदर उठला. "म्हंजे काईच नाई निघालं," तो म्हणाला. रागाने नाही, हिशोब मिटल्यासारखं. "ठीक आहे. मी सोमवारी सानगडीची गाडी पाह्यतो."

"बस खाली," सरूबाई म्हणाली.

तो बसला नाही.

"बस म्हनलं ना!" वॉर्डातून दोन पेशंट डोकावले. दामोदर बसला.

सरूबाईने आपला उजवा हात पुढे करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. मनगट सुजलेलं होतं. "हे पाहा सायेब. दीड महिना झाला मले कांड्या भरून. तरुनपनी मीच भरत होती, म्हनून वाटलं काय होते. आता माही मान फिरत नाई. खांदा फिरत नाई. आठ दिस झाले, रोज सकाळी वाटते आज नाई बसत चरख्यावर. काल तं बसलीच नाई. दुखते म्हनलं आन् निजून रायली. कोनी मले काई म्हनलं नाई." तिने मुलाकडे पाहिलं. "ही बाई तीन वर्सं दुखते म्हनत होती आन् भरत होती. एक दिस माग थांबला का रे तिच्या पायी, सांग? कांडी कमी पडली, पन बंद पडली का? सोंग करनारी पयल्याच दिवशी निजली असती. माह्यासारखी."

यमुनाबाई आता रडली, मोठ्याने, नाक शिंकरत, दवाखान्यात रडू नये असं रडली. सरूबाई तिला म्हणाली, "रडून नको राहू, लोक पाहून राहिले," आणि स्वतःच पदर तोंडाला लावून बसली.

माझा मायक्रोस्कोप, कलरीमीटर, नागपूरची लॅब, सगळ्यांनी मिळून जे सिद्ध होईना ते त्या बाईने एका मनगटावर केलं. मला लाज वाटली आणि खूप आनंदही झाला. चोपकर साहेबांनी संधी साधली. केस पेपरवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: कांड्या फक्त सकाळी. दुपारी दोन तास झोप. रोज थोडं चालणं. रात्री झोपेची एक लहान गोळी, जी मनाच्या आजारावरची असली तरी या दुखण्यावर थोडी लागू पडते असं त्यांनी वाचलं होतं. खाली सही, त्यावर गोल शिक्का, आणि त्यांचं मन भरेना म्हणून बाजूला आणखी एक शिक्का. दुपारच्या कांड्यांसाठी दामोदरने शेजारच्या एका म्हाताऱ्याला बसवलं. सानगडीला यमुनाबाई गेली ती दिवाळीत, मुलीला घेऊन, चार दिवसांसाठी.

ती बरी झाली का? नाही. या दुखण्यात तसं बरं होत नाही कोणी. काही महिने बरे जायचे, काही वाईट. माझी बदली होईपर्यंत ती गोळ्या न्यायला यायची आणि पावसाळ्यात सांधे धरून यायची. नागपूरच्या सरांचा पेपर आमच्या केसशिवाय निघाला असेल, नाहीतर निघाला नसेल.

मी एक केलं. ठीक आलेल्या तपासणीवर "नॉर्मल" लिहिणं सोडलं. त्याऐवजी लिहायचो, "या तपासणीत काही सापडलं नाही." शब्द जास्त, सही करायला जागा कमी. चोपकरांनंतर आलेल्या साहेबांना ते खपलं नाही. त्यांनी मला बोलावून विचारलं की एका शब्दाचं काम पाच शब्दांत कशाला करता.

मी म्हटलं, "साहेब, मला तेवढंच माहीत असतं."